बायपोलर आजारात मुंबईतला दिवस कसा आखावा

बायपोलर डिसऑर्डरचे, म्हणजे मन कधी उन्मादात तर कधी नैराश्यात जाणाऱ्या आजाराचे, निदान झाल्यावर डॉक्टर 'झोप वेळेवर घ्या' असे सांगतात, आणि बहुतेक जण तो सल्ला 'पाणी भरपूर प्या' या सल्ल्यासारखा ऐकून सोडून देतात. या आजारात मात्र झोप हा उपचाराचाच भाग आहे. एक-दोन रात्रींच्या जागरणाने उन्मादाची, म्हणजे मन आणि उत्साह बेसुमार चढण्याची, अवस्था सुरू होऊ शकते. आणि तीन-चार तासच झोपूनही थकवा न जाणवणे, उलट अंगात उत्साह मावेनासा होणे, हे ती अवस्था येऊ घातल्याचे लवकर दिसणारे लक्षण असते. म्हणून औषधानंतर सर्वांत आधी सांभाळायची गोष्ट म्हणजे उठण्याची ठरलेली वेळ.

झोपण्याची नव्हे, उठण्याची. कारण झोप केव्हा लागेल हे आपल्या हातात नसते, अंथरूण केव्हा सोडायचे हे बऱ्याच अंशी असते. सोमवार ते शनिवार बदलापूर किंवा विरारहून सकाळची लोकल पकडणाऱ्या माणसाने रविवारीही त्याच सुमारास, फार तर तासभर उशिरा उठावे आणि थोडा वेळ उजेडात घालवावा. एका खोलीत पाच माणसे राहतात तिथे रात्री दहाला दिवा आणि टीव्ही बंद करणे हा सगळ्या घराचा प्रश्न होतो, त्यामुळे तो घरातल्यांशी एकदा नीट बोलूनच सोडवावा लागतो. फिरत्या पाळीची नोकरी असेल तर दिवसाची एकच पाळी मिळावी यासाठी डॉक्टरांचे पत्र मागावे; 'वैद्यकीय कारणास्तव रात्रपाळी टाळावी' एवढेच त्यात लिहिलेले बहुधा पुरते, आजाराचे नाव कार्यालयात सांगायचे की नाही हा निर्णय आपल्याकडे राहतो.

सणांचे नियोजन आधी करावे. ध्वनिक्षेपकांना रात्री दहानंतर बंदी असली तरी गणेशोत्सव आणि नवरात्रातल्या काही रात्री ती मध्यरात्रीपर्यंत शिथिल होते. आरतीला अवश्य जावे, मिरवणुकीतही चालावे, पण घरी परतण्याची वेळ निघण्यापूर्वी ठरलेली असावी. लालबागची रात्रभराची रांग मात्र घरातल्या दुसऱ्या कोणी लावावी.

लिथियम हे मनःस्थिती स्थिर ठेवणारे औषध घेणाऱ्यांनी या शहराच्या हवेकडे विशेष लक्ष द्यावे. या औषधाची उपयोगी मात्रा आणि अपायकारक मात्रा यांत अंतर फार कमी असते. दीर्घकालीन उपचारात रक्तातली पातळी साधारणपणे लिटरमागे ०.६ ते ०.८ मिलिमोलच्या आसपास ठेवली जाते, नेमका आकडा डॉक्टर ठरवतात. शरीरातले पाणी किंवा मीठ कमी झाले की मूत्रपिंडे लिथियम धरून ठेवतात आणि पातळी वर जाते. मे आणि ऑक्टोबरमधला घाम, पावसाळ्यातले जुलाब-उलट्या, हरतालिकेचा निर्जळी उपवास किंवा अळणी व्रत या सगळ्यांचा परिणाम तोच. उपवास करायचाच असेल तर डॉक्टरांना विचारून, पाणी आणि नेहमीइतके मीठ चालू ठेवून करावा. देवाची त्याला हरकत असेल असे मला तरी वाटत नाही. अंगदुखीसाठी औषधांच्या दुकानातून स्वतःहून आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक घेऊ नये, कारण त्यांनीही पातळी वाढते. रक्तदाबाच्या काही गोळ्यांचेही तसेच आहे, म्हणून प्रत्येक डॉक्टरला लिथियम चालू असल्याचे सांगावे. रक्त तपासणीसाठी शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी, सकाळची गोळी घेण्याआधी द्यावे. थायरॉइड आणि मूत्रपिंडांची तपासणी साधारण दर सहा महिन्यांनी होते, तीही चुकवू नये. हातांची थरथर एकदम वाढली, उलट्या-जुलाब सुरू झाले, तोल जाऊ लागला किंवा जीभ जड झाली, तर पुढची गोळी न घेता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. एरवी बरे वाटते म्हणून लिथियम स्वतःहून बंद करणे मात्र धोक्याचे आहे, कारण अचानक थांबवल्याने आजार उलटण्याची शक्यता वाढते.

व्हॅल्प्रोएट हे याच आजारावरचे दुसरे औषध घेणाऱ्या स्त्रियांनी मूल होऊ देण्याचा विचार असल्यास तो डॉक्टरांना आधीच सांगावा, कारण या औषधाने गर्भाला अपाय होऊ शकतो. आणि उदास वाटते म्हणून कोणी ओळखीतून मिळालेली नैराश्याची गोळी घेऊ नये. बायपोलरमध्ये ती एकटी घेतल्यास उन्माद सुरू होऊ शकतो.

रोज रात्री एका वहीत चार गोष्टी लिहाव्यात: किती तास झोप, उणे तीन (फार उदास) ते अधिक तीन (फार चढलेले) या पट्टीवर मन कुठे होते, गोळ्या घेतल्या का, आणि खर्च किंवा भांडण काही वेगळे घडले का. खरा उपयोग या वहीत घरातल्या माणसानेही लिहिण्यात आहे. उन्माद चढताना तो चढणाऱ्याला दिसत नाही, त्याला फक्त इतर लोक मंद झाल्यासारखे वाटतात. त्यामुळे बरे असतानाच बहिणीशी किंवा नवऱ्याशी ठरवून ठेवावे की अमुक दिसले तर त्या व्यक्तीने 'वही काढ' एवढेच म्हणावे, आणि त्यावर वाद न घालता डॉक्टरांना फोन व्हावा.

पैशांची व्यवस्थाही बऱ्या काळातच लागते. यूपीआयची आणि क्रेडिट कार्डाची मर्यादा कमी करून घ्यावी, मोठी खरेदी दोन रात्रींच्या झोपेनंतरच करावी, मुदत ठेव दोघांच्या सहीची असावी.

नैराश्याच्या दिवसांत हे सगळे वेळापत्रक पाळता येणार नाही. तेव्हा गोळी, आंघोळ, एक वेळचे जेवण आणि इमारतीच्या आवारात एक फेरी एवढे झाले तरी दिवस पार पडला असे समजावे.

२०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने आपल्याला कसे उपचार हवेत आणि कसे नकोत हे आधी लिहून ठेवण्याचा, तसेच आपल्या वतीने बोलणारा प्रतिनिधी नेमण्याचा अधिकार दिला आहे. विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखेच संरक्षण द्यावे असेही त्यात म्हटले आहे. खासगी तज्ज्ञाची फी परवडत नसेल तर परळचे केईएम, शीवचे टिळक रुग्णालय, नायर आणि जेजे इथे मानसोपचाराचा बाह्यरुग्ण विभाग आहे. जुने केसपेपर आणि गोळ्यांची पाकिटे बरोबर न्यावीत.

जीव नकोसा झाल्याचे विचार येऊ लागले तर गोळ्यांचा साठा घरच्यांच्या ताब्यात द्यावा, एकट्याने राहू नये आणि १४४१६ या टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या क्रमांकावर फोन करावा. तो चोवीस तास विनामूल्य चालतो, आणि मराठीत बोलता येते.