कॉम्प्युटरवरचं काम भराभर कसं उरकावं: शोधाशोध आणि दुबार काम टाळायच्या युक्त्या

जून लागला की मराठवाड्यातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी ई-सेवा केंद्रापुढं गर्दी होते. दहावी-बारावी झालेल्या पोरांना उत्पन्नाचा दाखला, रहिवासी, नॉन-क्रिमिलेअर हवं असतं. त्यांचं उरकत नाही तोवर खरिपाचा पीक विमा येतो, आणि जुलैअखेर तर जेवायला उठायची सोय राहत नाही. परभणी जिल्ह्यात मी असंच एक केंद्र चालवतो. टायपिंगचा वेग सारखाच असलेली दोन पोरं शेजारी बसवली, तरी संध्याकाळी एकाचे अर्ज दुसऱ्यापेक्षा कितीतरी जास्त निघालेले असतात. मागं पडलेल्याचं बोट मंद नसतं. त्याचा वेळ फाईल धुंडाळण्यात, तोच पत्ता परत टाईप करण्यात आणि अर्धा भरलेला फॉर्म पहिल्यापासून भरण्यात जातो.

खाली सांगितलेलं सगळं विंडोजवरचं आहे आणि बहुतेक फुकटात होणारं आहे. शाळेचा क्लार्क, पतसंस्थेतला कॅशियर, ग्रामपंचायतीचा संगणक परिचालक, दुकानाचा हिशोब ठेवणारा, कोणालाही ते चालेल.

लॉगिन नंतर, आधी जुळवाजुळव

सरकारी पोर्टल थोडा वेळ हात लावला नाही की बाहेर काढतं. फॉर्म उघडून मग कागद मागायला लागलात की फसलात. म्हणून क्रम उलटा करा. आधी कागद तपासा, मग स्कॅन करा, फाईलींना नावं द्या, आकार बघा. हे सगळं झाल्यावरच लॉगिन करा.

कागदांच्याही आधी एक प्रश्न विचारायचा असतो.

"मामा, आधारला लागलेला मोबाईल सोबत हाय का?"

"नाही ना भाऊ. ते सिम पोराजवळ हाय, चाकणला कंपनीत."

"मग आधी त्याला फोन लावा. ड्युटीवर चढायच्या आत ओटीपी सांग म्हणा."

हे आधी कळलं नाही तर बारा रकाने भरून झाल्यावर ओटीपीपाशी गाडी अडते. पोरगा मशीनवर असतो, त्याचा मोबाईल लॉकरमध्ये, आणि ओटीपी तर थोड्याच वेळात शिळा होतो. ओटीपीचा बंदोबस्त नसेल तर त्या माणसाला संध्याकाळची वेळ द्या आणि पुढच्याचे कागद घ्या.

स्कॅन: आकार आधीच ठरवा

पोर्टलला फाईल लहान लागते आणि स्कॅनर मोठी काढून देतो. मग ती लहान करायला कुठल्यातरी अनोळखी वेबसाईटवर लोकांची आधार कार्डं चढवायची, हा उद्योग बंद करा. स्कॅनरच्या सेटिंगमध्येच डीपीआय, म्हणजे एका इंचातले ठिपके, कमी करा. ए-फोर कागद ३०० डीपीआयला सुमारे २४८० बाय ३५०८ पिक्सेलचा निघतो, १५० ला १२४० बाय १७५४ चा. म्हणजे पिक्सेल थेट चौथाईवर येतात, आणि छापील मजकूर तरीही नीट वाचता येतो. रंगाची गरज नसेल तिथं ग्रेस्केल, म्हणजे काळ्या-करड्या छटा, ठेवा. मात्र जुना सातबारा किंवा पुसट शिक्क्याचा टीसी असेल तर २०० वर जा, नाहीतर अक्षर दिसत नाही म्हणून अर्ज परत येतो.

गिऱ्हाईक व्हॉट्सअॅपवर कागद पाठवणार असेल तर फोटो म्हणून घेऊ नका. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा. फोटो म्हणून पाठवलं की व्हॉट्सअॅप तो दाबून बारीक करतं आणि आधारवरचे आकडे फिसकटतात.

फाईलचं नाव: सगळ्यात जास्त वेळ इथं वाचतो

कोणाचंही डाउनलोड फोल्डर उघडा. 'व्हॉट्सअॅप इमेज' आणि पुढं तारीख-वेळ अशा नावाच्या शेकडो फाईली, मधेच 'स्कॅन ००४७', मधेच 'नवीन नवीन फायनल'. यातून एक रेशन कार्ड शोधायचं म्हणजे प्रत्येक फाईल उघडून बघा. दिवसभरात अशी शोधाशोध किती होते ते कोणी मोजत नाही, म्हणून ती खटकत नाही.

नावाची एकच पद्धत ठरवा आणि ती सगळ्यांना पाळायला लावा. मी तारीख, आडनाव, गाव, कागद हा क्रम ठेवतो. तारखेत आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, म्हणजे फाईली आपोआप तारखेच्या ओळीत लागतात. दिवस आधी लिहिला तर १ जून आणि १ जुलै शेजारी जाऊन बसतात. अपलोड करायच्या फाईलचं नाव इंग्रजी अक्षरांत, मधे मोकळी जागा न सोडता द्या. काही पोर्टलांना मराठी नावाची फाईल पचत नाही.

नाव बदलण्यासाठी राईट क्लिक करून 'रिनेम' शोधत बसू नका. फाईलवर जा, एफ-टू दाबा, नाव टाईप करा आणि एंटरऐवजी टॅब दाबा. लगेच खालच्या फाईलचं नाव बदलायला उघडतं. एफ-टू, नाव, टॅब, नाव, टॅब. एका कुटुंबाचे आठ कागद माऊसला हात न लावता नावासकट तयार होतात. ही एक गोष्ट शिकलात तरी हा लेख वसूल.

नवीन फोल्डरसाठी कंट्रोल-शिफ्ट-एन. दर महिन्याचा एक फोल्डर पुरतो. फोल्डरात फोल्डर, त्यात परत फोल्डर असली उतरंड रचू नका. नाव नीट असेल तर वरच्या सर्च पेटीत आडनाव टाकलं की फाईल समोर येते.

मराठी टायपिंग: एकदाच कष्ट घ्या

आपल्याकडं अजून पुष्कळ ठिकाणी जुन्या, युनिकोड (सगळ्या कॉम्प्युटरांवर सारखीच वाचली जाणारी अक्षरांची पद्धत) नसलेल्या फॉन्टमध्ये टाईप करतात. छापून कागद हातात द्यायचा तोवर ठीक. पण तो मजकूर पोर्टलवर चिकटवला की भलतीच चिन्हं उमटतात, आणि कॉम्प्युटरवर शोधायला गेलं तर सापडत नाही. नवीन काम युनिकोडमध्येच करा.

त्यासाठी सेटिंग्जमध्ये 'टाईम अँड लँग्वेज' मध्ये जा, भाषेच्या पानावर 'अॅड अ लँग्वेज' करून मराठी घ्या. यानंतर विंडोज बटण दाबून स्पेस मारली की इंग्रजी-मराठी आलटून पालटून येतं. मराठीचे दोन कीबोर्ड मिळतात. फोनेटिकमध्ये इंग्रजी स्पेलिंगसारखं टाईप करायचं; अधूनमधून दोन ओळी लिहिणाऱ्याला तो बरा. रोज लिहिणाऱ्याने मात्र इनस्क्रिप्ट शिकावा असं माझं ठाम मत आहे. त्यात स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या हाताला, त्यामुळं दोन्ही हात आळीपाळीनं चालतात. 'काम' लिहायला के, ई, सी एवढी तीन बटणं. 'शेती' लिहायला शिफ्टसह एम, मग एस, एल, आर. जोडाक्षराचा पाय मोडायला डी. पहिले काही दिवस चिडचिड होते, टंकलेखनाची परीक्षा जुन्या रेमिंग्टन पद्धतीनं दिलेल्यांना तर जास्तच. बटणांवर स्टिकर चिकटवू नका, मान खाली राहते. तक्ता छापून स्क्रीनच्या शेजारी लावा.

ज्याला टायपिंगचाच कंटाळा त्यानं क्रोममध्ये गुगल डॉक्स उघडावं, टूल्समधून 'व्हॉइस टायपिंग' घ्यावं, भाषा मराठी निवडावी आणि बोलावं. परभणीचा हेलही त्याला बऱ्यापैकी कळतो. पूर्णविराम आणि नावं मात्र हातानं दुरुस्त करावी लागतात, आणि शेजारी चार माणसं बोलत असली की त्यांचंही त्यात उतरतं.

तेच ते परत लिहू नका

'प्रति, मा. तहसीलदार साहेब' पासून 'आपला विश्वासू' पर्यंतचा अर्ज दिवसातून किती वेळा टाईप होतो? वर्डमध्ये तो एकदा नीट लिहा, सगळा सिलेक्ट करा, ऑल्ट-एफ-थ्री दाबा आणि त्याला छोटं नाव द्या, समजा 'तहसील'. पुढच्या वेळी तहसील एवढंच टाईप करून एफ-थ्री दाबलं की अख्खा अर्ज समोर. रेशन कार्डात नाव चढवायचा, फेरफाराचा, बँकेत वारस लावायचा, असे पाच-सहा मजकूर साठवून ठेवले की वर्षभराची बेगमी होते. वर्ड बंद करताना 'बिल्डिंग ब्लॉक्स' सेव्ह करू का असं विचारलं तर हो म्हणा.

दुसरी सोय विंडोज बटण आणि व्ही. साध्या कॉपी-पेस्टमध्ये शेवटचीच गोष्ट राहते, इथं मागच्या २५ गोष्टींची यादी उघडते. पहिल्यांदा दाबाल तेव्हा 'टर्न ऑन' करावं लागतं. नाव, गाव, गट नंबर, खाते क्रमांक, आयएफएससी एका दमात कॉपी करून घ्या आणि मग फॉर्ममध्ये एकेक निवडत जा. दोन खिडक्यांत उड्या मारणं संपतं. नेहमी लागणारा मजकूर पिन करून ठेवता येतो, तो कॉम्प्युटर बंद केला तरी टिकतो. पण याच यादीत लोकांचे आधार आणि खाते क्रमांकही साठतात, तेव्हा एकाचं काम झालं की 'क्लिअर ऑल' दाबा आणि जागेवरून उठताना विंडोज-एल दाबून स्क्रीन कुलूपबंद करा.

ब्राउझरमध्ये चुकून टॅब बंद झाला तर कंट्रोल-शिफ्ट-टी नं तो परत येतो. भरलेलं मात्र बहुतेक वेळा गेलेलं असतं. रोजची चार-पाच पोर्टलं बुकमार्कच्या एका फोल्डरात टाका, त्या फोल्डरवर राईट क्लिक करून सगळी एकदम उघडा. गुगलवर पोर्टलचं नाव शोधून वरच्या पहिल्या लिंकवर जाण्याची सवय वेळखाऊ तर आहेच, धोक्याचीही आहे. हुबेहूब दिसणाऱ्या बनावट वेबसाईट तिथंच गाठतात.

लाईट जाणार हे धरूनच चला

डेस्कटॉप असेल तर यूपीएस हवाच. त्यावर फक्त सीपीयू आणि मॉनिटर, जमल्यास राउटर लावा. लेझर प्रिंटर यूपीएसला कधीच लावू नका. छापताना आतला फ्युजर (कागदावर शाई पक्की करणारा गरम भाग) तापायला एकदम मोठा करंट ओढतो आणि यूपीएस बसतो. साधा यूपीएस काम सेव्ह करून नीट बंद करण्यापुरता वेळ देतो. त्या वेळात आणखी एक अर्ज भरून घेऊ म्हणू नका.

वर्ड आणि एक्सेल मुळात दर १० मिनिटांनी काम राखून ठेवतात. फाईल, ऑप्शन्स, सेव्ह इथं जाऊन ते २ मिनिटांवर आणा. तरीही हाताला कंट्रोल-एसची सवय हवी.

मोबाईलच्या हॉटस्पॉटवर काम करत असाल तर त्या वायफायच्या सेटिंगमध्ये 'मीटर्ड कनेक्शन' चालू करा. नाहीतर ऐन गर्दीत विंडोज अपडेट उतरवायला बसतं आणि दिवसाचा डेटा दुपारीच संपतो.

सारखं उठावं लागतं त्याचं काय

२५ मिनिटं एकच काम, मग ५ मिनिटं विश्रांती, ही पोमोडोरो नावाची पद्धत सगळीकडं सांगतात. फ्रान्सेस्को सिरिल्लो या इटालियन माणसानं ती १९८० च्या दशकाच्या अखेरीस काढली. घरी बसून हिशोब किंवा लेखन करणाऱ्याला ती उत्तम. काउंटरवर मात्र २५ मिनिटं कोण बोलणार नाही असं होत नाही. तिथं एका जातीची कामं एकत्र करणं जास्त उपयोगी पडतं: सकाळी फक्त कागद घेणं आणि स्कॅन, मग फॉर्म भरणं, शेवटी सगळ्या प्रिंट एकदम. जे पोर्टल दुपारी गोल गोल फिरत बसतं ते सकाळी आठच्या आत किंवा रात्री जेवणानंतर सरळ चालतं.

डोळ्यांसाठी दर २० मिनिटांनी २० फुटांवरच्या कशाकडं तरी २० सेकंद बघा. रस्ता बघितला तरी चालेल.

मशीनच कुथत असेल तर

आधी कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबा, 'स्टार्टअप' मध्ये जा आणि चालू होताना आपोआप उघडणारी नको ती सॉफ्टवेअर डिसेबल करा. अँटिव्हायरस तेवढा राहू द्या.

उन्हाळ्यात कॉम्प्युटर मंदावण्याचं एक साधं कारण आमच्याकडं आहे. पारा ४२ च्या वर, पत्र्याचं दुकान, आणि सीपीयूच्या पंख्यावर रस्त्याच्या धुळीचा थर. प्रोसेसर जास्त तापला की स्वतःच वेग कमी करतो. मार्च संपायच्या आत वायर काढून, झाकण उघडून ब्लोअरनं धूळ उडवा. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवा, नाहीतर ते गरगर फिरून खराब होतं.

एवढं करूनही चालू व्हायला चहा पिऊन होईल इतका वेळ लागत असेल, तर आत जुनी फिरती हार्ड डिस्क आहे का बघा. नवीन कॉम्प्युटर घ्यायच्या आधी तिच्या जागी एसएसडी (न फिरणारी, चिपवर चालणारी डिस्क) टाका. इतका फरक दुसऱ्या कशानंच पडत नाही. त्यानंतर रॅम ४ जीबी असेल तर ८ करा. रॅम आणायला जाताना जुन्या रॅमची पट्टी काढून सोबत न्या. डीडीआर-३ आणि डीडीआर-४ या रॅमच्या दोन जाती एकमेकांच्या खाचेत बसत नाहीत, आणि चुकीचं आणलं तर दुसरी चक्कर ठरलेली.