तुरीच्या मुळावरचा बॅसिलस नेमका कोणत्या जातीचा? जीनोमच्या तुलनेतून उत्तर काढताना

परभणीकडच्या काळ्या मातीतल्या तुरीच्या मुळांवरून बॅसिलस हा जीवाणू वेगळा केला, की जीवाणूंच्या ओळखीसाठी वापरल्या जाणाऱ्या १६एस जनुकाचा अनुक्रम काढून जातीचे नाव लिहून मोकळे होण्याची सवय आपल्याकडे आहे; परंतु सबटिलिस, ॲमायलोलिक्विफेसियन्स आणि वेलेझेन्सिस या बॅसिलसच्या जातींमध्ये हे जनुक इतके सारखे असते, की ९९ टक्क्यांहून अधिक साम्य दिसले तरी त्यावरून जात ठरत नाही.

म्हणून संपूर्ण जीनोम, म्हणजे जीवाणूचा सगळा डीएनए, वाचून घ्यावा आणि तुलनेआधी त्याची शुद्धता तपासावी. वेलेझेन्सिसचा जीनोम साधारण ४० लाख बेसजोड्यांचा असतो. आमच्या एका नमुन्याची जुळणी (वाचलेले डीएनएचे तुकडे जोडून उभा केलेला जीनोम) ७० लाखांच्या पुढे गेली, तेव्हा एकसारख्या दिसणाऱ्या वसाहतीत दोन जीवाणू नांदत होते हे कळले आणि पुन्हा स्ट्रीकिंगपासून (ताटलीवर रेघा ओढून एकेक वसाहत वेगळी करण्यापासून) सुरुवात करावी लागली. जीनोमची गुणवत्ता तपासणाऱ्या चेकएम या संगणकप्रणालीत पूर्णता ९० टक्क्यांच्या वर आणि भेसळ ५ टक्क्यांच्या आत असावी.

तुलना मात्र टाइप स्ट्रेनच्याच, म्हणजे जातीचे नाव ज्याला कायमचे जोडलेले असते त्या नमुना-जीवाणूच्याच, जीनोमशी करावी, कारण सार्वजनिक साठ्यांतील कित्येक जीनोमवर जुनी किंवा चुकीची नावे असतात. माझ्या मते बहुतेक घोटाळे इथेच होतात. सरासरी न्यूक्लिओटाइड साम्य, म्हणजे एएनआय, ९५ ते ९६ टक्क्यांच्या खाली आणि संगणकीय डीएनए संकरण (दोन जीनोमचे डीएनए किती जुळतील याचा संगणकाने काढलेला अंदाज) ७० टक्क्यांच्या खाली असेल, तर जात वेगळी मानतात. अपुऱ्या जुळणीच्या जीनोमसाठी संकरणाच्या सूत्रांपैकी क्रमांक दोनचे सूत्र वापरावे. त्यावर जीनोमच्या लांबीचा परिणाम होत नाही. आकडा सीमेवर अडकला, तर गाभा-जनुकांचा (तुलनेतल्या सर्व जीवाणूंत आढळणाऱ्या जनुकांचा) वंशवृक्ष काढून निर्णय घ्यावा.

दोन टाइप स्ट्रेन एकाच जातीचे निघाले, तर आधी वैधपणे प्रकाशित झालेले नाव टिकते. २००५ मध्ये वेलेझेन्सिस हे नाव प्रसिद्ध झाले होते. त्यामुळे २०१६ मध्ये जीनोमच्या तुलनेनंतर मेथायलोट्रॉफिकस आणि ॲमायलोलिक्विफेसियन्सची प्लँटारम ही उपजात त्याचीच उत्तरकालीन पर्यायी नावे ठरली. ॲमायलोलिक्विफेसियन्स ही जात स्वतः मात्र स्वतंत्रच राहिली, हे अहवाल लिहिताना अनेकांच्या नजरेतून सुटते.

फ्रीजरमधल्या नळीवर नवे नाव लिहिताना जुने नाव खोडू नये. शेतातल्या चाचण्यांच्या जुन्या नोंदी त्याच नावाने शोधाव्या लागतात.