५८ चा बिल्ला

दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावात मी शिवणकाम करते. ब्लाऊजची कापडी बटणं दाबायचं छोटं हातमशीन माझ्याकडे पंधरा वर्षांपासून आहे. पत्र्याची वाटी, तिच्यावर कापडाची चकती, मागून झाकण. दांडा दाबला की कापडाची कड आत मुडपते आणि झाकण तिला गच्च धरून ठेवतं. भाचा यवतमाळच्या कॉलेजातून छातीवर बिल्ला लावून आला, तेव्हा मी तो मागून स्क्रूड्रायव्हरनं उचकटून पाहिला. पोट्ट्यानं डोक्याला हात लावला, "मामी, काहून तोडला वं?" मी म्हटलं, हे तर आपलं बटणच आहे, फक्त मोठं!

पुढे त्यानंच मोबाइलवर वाचून दाखवलं की असे बिल्ले अमेरिकेत १८९६ च्या निवडणुकीत गावोगाव वाटले गेले. मॅकिन्ली आणि ब्रायन असे दोन उमेदवार होते, आणि न्यू जर्सीतल्या नेवार्कच्या व्हाइटहेड अँड होग कंपनीनं त्याच साली बिल्ल्याचं पेटंट घेतलं होतं. तेव्हा चित्रावर सेल्युलॉइडचा पापुद्रा असायचा, आता पारदर्शक प्लॅस्टिकची चकती असते. बाकी बांधणी जवळजवळ तीच.

माझं बिल्ल्यांचं काम सुरू झाल्यापासून आजूबाजूच्या बचत गटातल्या बाया विचारत असतात, कोणतं मशीन घेऊ म्हणून. मी उलट विचारते, सामान कुठून आणशील? मशीन एकदाच घ्यायचं असतं, पण वाट्या, झाकणं आणि चकत्या दर महिन्याला लागतात. दोन कंपन्यांचं सामान कागदावर ५८ मिलिमीटर व्यासाचंच असतं, तरी कडेच्या उंचीत केसाएवढा फरक निघतो आणि तेवढ्यानं झाकण बसत नाही. मी पहिल्या वर्षी स्वस्त मिळतंय म्हणून ऑनलाइन ५०० नगांचं सामान मागवलं. त्यातले निम्मे बिल्ले हातात घेतले की मागचं झाकण खुळखुळ वाजायचं, आणि परत घ्यायला विक्रेता तयार नाही. तेव्हापासून मशीन जिथून घेतलं तिथूनच सामान घेते. नवीन ठिकाणाहून घ्यायचंच झालं तर आधी २० नग मागवून दाबून बघते.

माप कोणतं घ्यायचं? बाजारात २५, ३२, ४४, ५८ आणि ७५ मिलिमीटर अशी मापं दिसतात. डाय, म्हणजे सामान ठेवून दाबायची लोखंडी बैठक, बदलता येणारं मशीनही मिळतं आणि दुकानदार तेच पुढे करतो. पण गावच्या कामाला पहिलं मशीन एकाच मापाचं आणि ५८ चं घ्या. गावातल्या गिऱ्हाइकाला बिल्ल्यावर फोटो हवा असतो, खाली नाव हवं असतं आणि ते मंडपात चार हातांवरून वाचता आलं पाहिजे. २५ च्या बिल्ल्यावर दादासाहेबांचा फोटो बसवला तर मिशीच तेवढी ओळखू येते. ७५ चा बिल्ला नायलॉनच्या साडीवर लावला की वजनानं पदर ओढतो. ४४ चं माप लहान पोरांसाठी चांगलं, पण ते दुसऱ्या वर्षी बघा.

मशीन दुकानात जाऊनच घ्या. मी नागपूरला इतवारीत गेले होते. तिथं उभं राहून दहा बिल्ले दाबून द्या म्हटलं, तर दुकानदार वैतागला. वैतागू द्यावं. दहाव्या बिल्ल्यापर्यंत दांडा एकसारखा खाली येतो की मधेच अडखळतो, ते हाताला कळतं. शिलाई मशीनचं चाक फिरवताना जसं कळतं, तसंच. खालच्या दोन डाय ज्या पट्टीवर फिरतात किंवा सरकतात ती पट्टी डगडग हलते का पाहा. डाय वरच्या ठोकळ्याखाली आली की "टक्" करून जागेवर थांबली पाहिजे. बूड ओतीव लोखंडाचं आणि जड असलेलं बरं. हलकं मशीन दाबताना टेबलावर उड्या मारतं. माझं मशीन २०२१ साली साडेसहा हजारांना पडलं. ते मी शिवणाच्या जुन्या टेबलाला चार नटबोल्टांनी आवळून टाकलंय. याला वीज लागत नाही, ही आमच्यासारख्यांना मोठी सोय. लोडशेडिंगमध्ये शिलाईची मोटर बंद पडते, तेव्हा मी बिल्ले दाबते.

मशीनबरोबर गोल कटर घ्यायलाच हवा. कात्रीनं गोल कापायचा हट्ट मी स्वतः केला होता, टेलर असून! चकती अर्धा मिलिमीटर इकडंतिकडं झाली तरी बिल्ल्याच्या कडेला चुणी पडते. ५८ च्या बिल्ल्याला कागद साधारण ७० मिलिमीटरचा लागतो, कारण वरचे १२ मिलिमीटर कडेवरून मागे मुडपतात. तुमच्या मशीनचं नेमकं माप दुकानदाराकडून लिहून घ्या. कटर दोन प्रकारचे. एकात कागद सरकवून दाबलं की चकती पडते, दुसऱ्यात ब्लेड गोल फिरवायचं. दाबायचा महाग पडतो, पण शंभरावर नग असले की हात वाचतो. फिरवायच्या कटरखाली काच ठेवू नका, ब्लेड लगेच बोथट होतं. जुनी कटिंग मॅट किंवा जाड रेक्झिन चालतं.

आता हिशेबाची गोष्ट. ए-फोर कागद २१० मिलिमीटर रुंद. ७० गुणिले ३ म्हणजे २१०, म्हणजे आडव्या तीन आणि उभ्या चार अशा १२ चकत्या बसतील असं वाटतं. मीही तसंच धरलं होतं. पण प्रिंटर कडेला चार-पाच मिलिमीटर कोरं सोडतो आणि दोन्ही बाजूंच्या चकत्यांच्या कडा पांढऱ्या निघतात. म्हणून तीन उभ्या रांगा करायच्या, कडेच्या दोन रांगांत चार-चार आणि मधल्या रांगेत तीन, मधली रांग अर्ध्या चकतीनं खाली सरकवलेली. अशा ११ चकत्या एकमेकींना न लागता बसतात. भाच्यानं याचा एक साचा करून दिलाय. मी फोटो त्यात टाकते आणि पेनड्राइव्ह घेऊन छापायला दारव्ह्याला जाते.

साच्यात तीन गोल एकात एक काढलेले आहेत. बाहेरचा ७० चा, रंग तिथपर्यंत भरायचा. मधला ५८ चा, तिथं बिल्ल्याची कड वळते. आतला ५० चा, अक्षरं आणि चेहरा त्याच्या बाहेर जाऊ द्यायचे नाहीत. एका लग्नात वरमाईच्या बिल्ल्यावर "सौ." कडेखाली गेलं आणि नुसतं नाव राहिलं. मोठा गोंधळ झाला. त्यानंतर ५० चा गोल लाल रेघेनं काढला.

कागद ९० ते १२० जीएसएमचा (जीएसएम म्हणजे कागदाच्या वजनाचं माप, आकडा मोठा तसा कागद जाड). साधा ८० चा चालतो, पण हात ओला असला की लगेच मऊ पडतो. फोटोपेपरचा मोह नको. तो जाड असतो, कडेला चुण्या पडतात आणि जोर केला तर मशीन अडकतं. छपाई लेझरची असेल तर उत्तम. इंकजेटची असेल तर रात्रभर वाळू द्या. १४ एप्रिलच्या जयंतीसाठी मी निळे बिल्ले केले होते आणि घाईत दोन तासांतच दाबले. प्लॅस्टिकच्या खाली निळा रंग पसरला. ४० बिल्ले फुकट गेले, आणि ते कुणाचा चेहरा असलेले बिल्ले होते हे सांगायला नको. फेकवतही नव्हते.

दाबायची रीत माझ्या मशीनवर अशी आहे. पहिल्या डायमध्ये वाटी, फुगीर बाजू वर. तिच्यावर कागद, चित्र वर. त्यावर प्लॅस्टिकची चकती. डाय वरच्या ठोकळ्याखाली आणून दांडा एकदा पूर्ण दाबायचा आणि सावकाश वर न्यायचा. डाय रिकामी दिसेल. घाबरू नका, तिन्ही वस्तू वरच्या ठोकळ्यात चढलेल्या असतात. आता दुसऱ्या डायमध्ये मागचं झाकण ठेवायचं, पिन खाली तोंड करून. ती फिरवून ठोकळ्याखाली आणायची आणि पुन्हा दाबायचं. या वेळी थोडा जास्त जोर लागतो, पण अंगाचा भार टाकायचा नाही. आमच्या जाऊबाई दांड्यावर लोंबकळायच्या. मी म्हणायची, "बाप्पा, हातपंप आहे काय वं हा!"

पिन आडवी आली पाहिजे, नाहीतर बिल्ला छातीवर वाकडा लटकतो. त्यासाठी कोऱ्या चकतीवर पेनानं वर जाणारा बाण काढा आणि दाबा. मग पिनच्या मानानं बाण किती वळला ते बघा. तेवढं झाकण फिरवून पुन्हा करा. दोन-तीन नगांत जागा सापडते. मग दोन्ही डायवर नेलपॉलिशचा एकेक ठिपका द्या. माझ्या मशीनवरचा ठिपका गुलाबी आहे, चार वर्षं झाली, अजून गेला नाही.

सगळ्यात जास्त त्रास दोन गोष्टी देतात. एक म्हणजे वाट्या एकात एक अडकून येतात आणि दोन वाट्या एकदम डायमध्ये जातात. मग दांडा अर्ध्यावर थांबतो. तिथं जोर लावला की डायची कड गेलीच म्हणून समजा. दांडा उलट वर घ्यायचा आणि अडकलेला माल लाकडी काडीनं हळूच खाली पाडायचा. लोखंडी काही घालू नका. दुसरं म्हणजे प्लॅस्टिकच्या चकत्या. उन्हाळ्यात आमच्याकडे पारा ४५ पर्यंत जातो, हवा कोरडी ठणठणीत असते आणि चकत्या एकमेकींना चिकटून बसतात. दोन गेल्या की झाकण बसत नाही, एकही गेली नाही तर चित्र उघडं राहतं. मी चकत्या आदल्या रात्री मोजून एकेक वेगळ्या करून ताटात पसरते. दाबताना शेजारी ओलसर फडकं ठेवते आणि बोटं त्याला लावून कोरडी पुसते.

कापसाचं मी कुठं वाचलं नव्हतं, ते स्वतः भोगलं. दिवाळीनंतर घराघरात कापूस भरलेला असतो. आमच्या पडवीतही दहा-बारा क्विंटल असतो. त्याचा बारीक तंतू हवेत तरंगतो आणि प्लॅस्टिक त्याला ओढून घेतं. बिल्ला दाबून झाला की चित्रावर केस पडल्यासारखा दिसतो, आणि तो काढायला बिल्ला फोडावा लागतो. म्हणून कापूस विकेपर्यंत मशीन आतल्या खोलीत, दार लावून. पावसाळ्यात वाट्यांना गंज चढतो, त्या झाकण लावलेल्या डब्यात ठेवायच्या. बुटांच्या खोक्यात येणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या मी त्याच डब्यात टाकते.

तान्ह्या पोळ्याला मी लाकडी नंदी घेऊन येणाऱ्या पोरांसाठी बैलाचे बिल्ले करते. फार लहान पोरांना पिनेचा बिल्ला देत नाही. त्यांना तेच चित्र जाड कागदावर, भोक पाडून, दोऱ्यात. तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीला गुरुकुंज मोझरीला जाणारी आमच्या गावची भजनी मंडळी भगव्या टोपीबरोबर बिल्ला लावतात. म्हाताऱ्यांची बोटं पिनेत अडखळतात. म्हणून कुणी चुंबकाच्या झाकणाचा बिल्ला मागितला तर आधी विचारा, छातीत पेसमेकर तर नाही ना. असला तर चुंबक नको.

टेलर असल्याचा एक फायदा मात्र झाला. कागदाऐवजी पातळ सुती कापडाची चकती लावली आणि प्लॅस्टिक घातलंच नाही, तरी बिल्ला होतो. ब्लाऊजपीसच्या उरलेल्या तुकड्यांतून निघतो. पॉपलिन किंवा मलमल चालते; खादी जाड असेल तर कड मुडपत नाही. वर दोन टाके नक्षीचे घातले तर बाया त्याला कागदी बिल्ल्यापेक्षा जास्त पैसे देतात. नक्षी मात्र मधेच ठेवा, कडेला गाठ आली की डाय रुसते.

पैशाचं म्हणाल तर सामानाचा संच मला पाच रुपयांच्या आसपास पडतो. रंगीत प्रिंट पंधरा रुपयांना धरली तर ११ नगांत वाटून नगाला दीड रुपयाच्या आत. शंभरात चार-पाच खराब होतात, ते आधीच धरून ठेवते. सुटा बिल्ला वीस रुपये, पन्नासच्या वर पंधरा. हजाराची ऑर्डर आली तरी त्याच्या खाली येत नाही, कारण एका दिवसात चारशेच्या वर दाबले की दुसऱ्या दिवशी खांदा उचलत नाही. ग्रामपंचायत निवडणुकीचं काम आलं तर सगळे पैसे आधी घ्या, जी. निकालानंतर हरलेल्याकडे जाववत नाही आणि जिंकलेला घरी सापडत नाही.

महिन्यातून एकदा ठोकळ्याच्या दांड्याला शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब देते. डायच्या आत मात्र नाही, तेल कागदावर उतरतं. तेल दिल्यावर पहिले तीन बिल्ले कोऱ्या कागदाचे दाबायचे. ते भाच्याच्या पोरीला खेळायला जातात. तिच्याकडे आता डबाभर पांढरे बिल्ले झालेत आणि ती त्यांच्यावर स्केचपेननं डोळे काढते.