पिल्लं फुटायच्या आधी

खुडूक कोंबडी अंड्यांवर बसली की एकविसाव्या दिवसाच्या आसपास पिल्लं बाहेर येतात. म्हणून बसवल्याची तारीख कॅलेंडरवर लिहा आणि अठराव्या दिवसापर्यंत सगळी तयारी उरका. त्यानंतर तिच्याजवळ खुडबुड नको. मुंबईत मनोरीचं अंगण असो, वर्सोव्याचा कोळीवाडा असो की आरेतला पाडा, ऊब देणं, पंखाखाली घेणं, काय टिपायचं ते दाखवणं हे सगळं आई करते. त्यामुळे तिच्या पिल्लांना बल्ब लागत नाही. आपल्याकडे उरतात घूस, पाणी आणि लस. तिथे हयगय झाली तर कितीही चांगली आई असली तरी पिल्लं हातची जातात.

सर्वात आधी घुशीचा बंदोबस्त करा. खुराड्याला लावतात ती षटकोनी जाळी कोंबडी आत ठेवायला पुरते, पण उंदीर-घुशी अडवायला नाही. अर्ध्या इंचाची वेल्डमेश, म्हणजे तारा वेल्डिंगने जोडलेली चौकोनी जाळी घ्या, आणि ती फक्त बाजूंना लावून थांबू नका. घूस खालून उकरून येते, म्हणून तळाला फरशी तरी हवी नाहीतर तीच जाळी. दाराची कडी मांजराला पंजाने सरकवता येणार नाही अशी असू द्या. दिवसा घारी आणि कावळे असतात, तेव्हा पहिले काही आठवडे अंगणात सोडताना वर जाळी किंवा मोठं डालगं हवंच. उरलेलं खाणं रात्री उचलून ठेवा, कारण घूस त्याच्याच वासाने येते.

खाली भाताचं तूस दोन-तीन इंच पसरा. वर्तमानपत्र अंथरू नका. गुळगुळीत कागदावर पिल्लांचे पाय फाकतात आणि पुढे नीट उभं राहता येत नाही. पावसाळ्यात तूस ओलं झालं की लगेच बदला. आपल्या दमट हवेत ओल्या तुसातच कॉक्सिडिओसिस, म्हणजे रक्ती हगवण, फोफावते. मला विचाराल तर कोंबडी दिवाळीनंतरच बसवावी. जून-जुलैची पिल्लं वाढवणं फार जिकिरीचं असतं.

पाण्याचं भांडं उथळ हवं आणि त्यात धुतलेले खडे टाका, म्हणजे पिल्लू पडलं तरी बुडणार नाही. फुटल्यावर एक-दोन दिवस पिल्लांना पोटातल्या बलकाचा आधार असतो. त्यामुळे घाईघाईने आईला उठवून कणी टाकायला जाऊ नका. सगळी अंडी एकाच वेळी फुटत नाहीत. ती उठली तर मागे राहिलेली गार पडतात. ती स्वतःहून पिल्लं घेऊन बाहेर आली की रिकामी टरफलं आणि न फुटलेली अंडी काढून टाका.

खाण्याला चिक स्टार्टर, म्हणजे लहान पिल्लांचं तयार खाद्य, आणून ठेवा आणि तेच आईलाही द्या. अंडी देणाऱ्या कोंबड्यांचं लेयर खाद्य तिच्यापुढे ठेवलंत तर पिल्लंही तेच टिपतील, आणि त्यातलं जास्तीचं कॅल्शियम त्यांच्या मूत्रपिंडांना झेपत नाही. तांदळाची कणी, बाजरी जोडीला चालेल, पण नुसत्या कणीवर पिल्लं वाढत नाहीत.

लसीची व्यवस्था मात्र आधीच लावावी लागते. मानमोडी, म्हणजे राणीखेत रोग, यावरची लासोटा लस पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात किंवा नाकात एक थेंब देतात. कुपी शंभर किंवा त्याहून जास्त मात्रांची येते आणि कालवल्यावर दोनेक तासांत संपवावी लागते. म्हणून शेजारीपाजारी कोणाकडे पिल्लं आहेत ते विचारा आणि एकच दिवस ठरवा. बर्फ घातलेला थर्मास तयार ठेवा, लस उन्हातून आणू नका. गंबोरो, देवी या रोगांवरच्या लसींचं वेळापत्रक पशुवैद्यकाकडून लिहून घ्या. परळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, आरे कॉलनीत केंद्र सरकारची कुक्कुट विकास संस्था आहे; तिथे विचारायला संकोच करू नका. कोणत्याही पिल्लाची मान वळायला लागली तर त्याला त्याच क्षणी वेगळं करा आणि पशुवैद्यकाला दाखवा.

आईला अंग घोळवायला एका कोपऱ्यात राख मिसळलेली कोरडी माती ठेवा. उबवणीच्या दिवसांत तिच्या अंगावर उवा वाढतात आणि त्या पिल्लांवर उतरतात.

दीड-दोन महिन्यांनी ती पिल्लांना चोच मारून दूर करू लागेल. तोवर त्यांच्यासाठी वेगळी, तितकीच पक्की जाळीची जागा आणि आत बसायला आडवी काठी तयार असू द्या.