सहावीच्या वर्गात 'बच्चा पोश'ची गोष्ट वाचताना

गोष्ट अफगाणिस्तानातल्या, मुलगा बनून वावरणाऱ्या एका मुलीची. आधी नकाशा काढू नका. मी काढला होता, मागच्या बाकावर आवळे फिरायला लागले. थेट केस कापण्याच्या प्रसंगावर या: आई कात्री चालवते, वेणी जमिनीवर पडते. इथे थांबून विचारा, "हर्णैच्या लिलावात आईला बंदी झाली, तर मासळी कोण आणेल?" मग सांगा: १९९६ मध्ये काबूल तालिबानच्या हाती गेलं, बायकांच्या नोकऱ्या गेल्या, पुरुष सोबत नसेल तर बाहेर पडणं बंद. 'बच्चा पोश' म्हणजे दरी या अफगाणिस्तानातल्या भाषेत मुलाच्या वेशातली मुलगी. रीत मात्र तालिबानच्याही आधीची. वयात आल्यावर बहुतेकींना पुन्हा मुलगी व्हावं लागतं. हे पान सावकाश वाचा. माझ्या वर्गात एकीने विचारलं, "बाई, मग तिची सायकल कोणाला दिली?" पुढचं मी दुसऱ्या दिवशी वाचलं.