अष्टमीचा चंद्र, छत्तीस फ्रेममध्ये

दुर्बिणीला फिल्म कॅमेरा जोडला की पहिला मोह पौर्णिमेचा होतो. तो टाळा. पौर्णिमेला चंद्रावरचं ऊन आपल्या पाठीमागून पडल्यासारखं सरळ पडतं, सावल्या उरत नाहीत आणि विवरांच्या जागी नुसते पांढरे डाग येतात. पहिला रोल शुक्ल पंचमी ते दशमीच्या दरम्यान वापरा. पंचमीला थिओफिलस, सिरिलस आणि कॅथरिना हे त्रिकूट उजेडाच्या कडेवर असतं. अष्टमीला टॉलेमायस, अल्फोन्सस, आर्झाकेल ही रांग आणि अपेनाइन पर्वत, दशमीच्या सुमारास कोपर्निकस आणि क्लेव्हियस. महिनाही बघा. फाल्गुन-चैत्रात अष्टमीचा चंद्र महाराष्ट्रातून संध्याकाळी जवळजवळ डोक्यावर असतो, तर नवरात्रातला दक्षिणेकडे बराच खाली. खालच्या चंद्राचा उजेड जास्त हवेतून येतो आणि चित्र उकळत्या पाण्यातून पाहिल्यासारखं हलतं.

इथले आकडे सहा इंची, एफ/८ न्यूटनी म्हणजे आरशाच्या दुर्बिणीचे आहेत. एफ/८ म्हणजे नाभीय अंतर (आरशापासून चित्र जमतं तिथपर्यंतचं अंतर) आरशाच्या व्यासाच्या आठपट, इथे १२०० मिलिमीटर. हौशी मंडळी घरी आरसा घासून बनवतात ती बहुधा हीच. आयपीस (डोळ्याजवळचं भिंग) काढून, लेन्स नसलेला एसएलआर कॅमेरा थेट फोकसरमध्ये, म्हणजे आयपीसच्या पुढेमागे सरकणाऱ्या नळीत, बसवायचा. दुर्बीणच लेन्सचं काम करते. फिल्मवर चंद्र केवढा येईल हे काढायला नाभीय अंतराला ११० ने भागा. १२०० ला सुमारे ११ मिलिमीटर. फ्रेमची उंची २४ मिलिमीटर, म्हणजे अख्खा चंद्र २५०० मिलिमीटरपर्यंत मावतो, पण तिथे कडेला जागाच राहत नाही.

जोडणीला दोन वस्तू लागतात: सव्वा इंची नळीचा अडॅप्टर आणि तुमच्या कॅमेऱ्याच्या माउंटची टी-रिंग (अडॅप्टर कॅमेऱ्याला जोडणारी कडी). झेनिट किंवा जुना स्क्रू-माउंट पेंटॅक्स असेल तर सांभाळा. त्या कॅमेऱ्याचा आटा ४२ मिलिमीटरचा आणि टी-अडॅप्टरचाही ४२ चाच, पण एकाचा पिच (दोन आट्यांमधलं अंतर) १ मिलिमीटर आणि दुसऱ्याचा ०.७५. एक-दीड फेरा छान बसतो, मग अडकतो. तिथे जोर लावला की ॲल्युमिनियमचे आटे गेलेच. या कॅमेऱ्यांनाही योग्य रिंग मिळते, तीच घ्या.

आता न्यूटनी दुर्बिणीतली सर्वांत मोठी अडचण. टी-रिंगच्या पुढच्या कडेपासून फिल्म ५५ मिलिमीटर मागे असते, म्हणून फोकसर बराच आत जावा लागतो आणि पुष्कळदा तेवढा जातच नाही. रोल घालण्याआधी हे तपासा. फोकसर पूर्ण आत घ्या, दुर्बीण चंद्रावर लावा आणि फोकसरच्या तोंडामागे बटर पेपर धरून पुढेमागे करा. जिथे चंद्र रेखीव दिसेल तिथपर्यंतचं अंतर पट्टीने मोजा. ६० मिलिमीटर किंवा जास्त भरलं तर काम झालं. ३० च भरलं तर मुख्य आरसा नळीत ३० मिलिमीटर वर सरकवावा लागेल. त्याने तिरप्या छोट्या आरशावर पडणारा प्रकाशाचा शंकू सुमारे ४ मिलिमीटरने रुंदावतो. छोटा आरसा आधीच बेताचा असेल तर थोडा प्रकाश वाया जातो. आरसा हलवायचा नसेल तर बार्लो (चित्र मोठं करणारं जादा भिंग) लावा, ती फोकस बाहेर ढकलते. भिंगाच्या दुर्बिणीत नेमकं उलटं होतं: डायगोनल (प्रकाश वळवणारा तिरपा आरसा) काढला की फोकसर बाहेर पुरत नाही आणि जोडनळी लागते.

फोकस करताना व्ह्यूफाइंडरच्या मधला दुभंगलेला गोल विसरा. एफ/८ ला त्याचा अर्धा भाग काळा पडतो. भोवतालच्या खरखरीत काचेवर, उजेड-अंधाराच्या सीमेवरचं एखादं लहान विवर घेऊन फोकस करा. चंद्राची गोल कड घेऊ नका, ती फोकस थोडा हुकला तरी फसवते. चष्मा असेल तर घालूनच बघा. नायकॉन एफ२, एफ३ सारख्या कॅमेऱ्यांत पूर्ण मॅट स्क्रीन बसवता येते आणि त्याने फार फरक पडतो. कॅमेऱ्याच्या वजनाने फोकसर हळूहळू घसरतो, म्हणून त्याचा स्क्रू कसा आणि दर तीन फ्रेमनंतर फोकस नव्याने करा. सगळ्या फ्रेम एकाच फोकसवर काढल्या आणि तो चुकला असेल तर ते रोल धुतल्यावरच कळतं.

कॅमेरा पाऊण किलोच्या आसपास असतो. नळीचं पुढचं टोक खाली झुकेल, म्हणून मागच्या टोकाला वजन बांधा. वाळूची पिशवी चालते.

चंद्राची बहुतेक छायाचित्रं फसतात ती एक्स्पोजरने नाही, धक्क्याने. शटर उघडण्याआधी कॅमेऱ्यातला आरसा वर आपटतो आणि ती थरथर १/४ ते १/३० सेकंदाच्या फ्रेममध्ये सगळ्यांत जास्त उमटते. जुना कॅनन एफ-१, एफटीबी, नायकॉन एफ२, एफ३ मध्ये आरसा आधी वर अडकवता येतो. नायकॉन एफएम२ मध्ये सेल्फ-टायमर लावला की आरसा सुरुवातीलाच वर जातो, तीच युक्ती वापरा. पेंटॅक्स के१००० मध्ये यातलं काहीच नाही, त्यामुळे १/६० पेक्षा हळू जाऊ नका. केबल रिलीज हवीच, आणि ताणलेली नको, सैल लोंबती. सिमेंटच्या गच्चीवर दिवसभराची धग रात्री दहापर्यंत वर येत राहते आणि चित्र हलवते. अंगणातली माती किंवा गवत कधीही बरं.

मोटार नसलेल्या डॉब्सनवरही (हाताने फिरवायच्या साध्या बैठकीवरही) हे काम होतं. चंद्र सेकंदाला साधारण १४.५ विकला (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) सरकतो, म्हणजे १/३० सेकंदात अर्धी विकला. एवढं फिल्मवर दिसत नाही. १/८ ला मात्र कडा पसरतात.

कॅमेऱ्याच्या मीटरवर विसंबू नका. भोवतालचं काळं आकाश पाहून तो जास्त वेळ मागतो आणि चंद्र जळतो. चंद्र म्हणजे उन्हात पडलेला दगड, हे लक्षात ठेवलं की आकडे पटतात. आयएसओ १०० आणि एफ/८ साठी:

तृतीया-चतुर्थी: १/१५
पंचमी-षष्ठी: १/३०
सप्तमी-अष्टमी: १/६०
दशमी-एकादशी: १/१२५
पौर्णिमा: १/२५०

कृष्ण पक्षात हेच उलट क्रमाने. प्रत्येक वेळी एक स्टॉप कमी आणि एक जास्त, म्हणजे निम्म्या आणि दुप्पट वेळेच्या, अशा आणखी दोन फ्रेम घ्या. चंद्र क्षितिजापासून ३० अंशांच्या खाली असेल किंवा हवा धुरकट असेल तर एक स्टॉप वाढवा. दुप्पट बार्लोने एफ/८ चं एफ/१६ होतं आणि वेळ चौपट होतो: अष्टमीला १/१५, म्हणजे नेमका धक्क्याचा पट्टा. म्हणून बार्लोसोबत १०० ऐवजी ४०० चा रोल घाला, की पुन्हा १/६० वर येता. दाणे थोडे वाढतील, पण हललेल्या बारीक दाण्यांपेक्षा स्थिर जाड दाणे परवडले.

रंगीत रोलची गरज नाही. इल्फर्ड एफपी४ प्लस किंवा कोडॅक टी-मॅक्स १०० उत्तम, बार्लोसाठी एचपी५ प्लस. एफपी४ प्लस घरी धुवायचा तर आयडी-११ डेव्हलपर पाणी न मिसळता, २० अंशांना साडेआठ मिनिटं. आपल्याकडे उन्हाळ्यात नळाचं पाणी २८-३० अंशांवर असतं. त्यात तीच वेळ दिली तर निगेटिव्ह दाट होऊन उजळ भागातले बारकावे हातचे जातात. परातीत बर्फाचं पाणी घेऊन डेव्हलपर आणि फिक्सरच्या बाटल्या त्यात उभ्या करा, थर्मामीटरने बघत राहा.

लॅबमध्ये देणार असाल तर पहिली फ्रेम दिवसा काढा, घराची किंवा झाडाची, काहीही. काळ्या आकाशाच्या फ्रेममध्ये कुठे एक संपते आणि दुसरी सुरू होते हे कापणाऱ्याला दिसत नाही आणि कात्री थेट चंद्रावरून जाते. पहिल्या फ्रेमवरून त्याला माप मिळतं. तरीही ‘रोल कापू नका’ असं पाकिटावर लिहाच. प्रिंटसाठी ‘आकाश काळंच ठेवा’ असं सांगा, नाहीतर मशीन आकाश राखाडी करून चंद्राचं पांढरं बटण बनवतं.

प्रत्येक फ्रेमचा नंबर, तिथी, वेळ, शटर आणि हवा वहीत लिहा. बार्लो लावलेल्या फ्रेममधल्या चंद्राचा व्यास निगेटिव्हवर पट्टीने मोजून ११० ने गुणा, म्हणजे खरं नाभीय अंतर मिळतं. फिल्म बार्लोपासून लांब असल्यामुळे ‘दुप्पट’ लिहिलेली बार्लो बहुतेक वेळा अडीचपट-तिप्पट भरते. अष्टमीचा १/६० अंधारा का आला, ते तिथेच कळतं.