स्पिन-क्युबिट मोजताय? मग या चुका टाळा

स्पिन-क्युबिट म्हणजे चिपवरच्या छोट्याशा सापळ्यात (डॉटमध्ये) धरलेल्या इलेक्ट्रॉनचा स्पिन. तो गार ठेवणाऱ्या डायल्यूशन फ्रिजच्या पडद्यावर २० मिलिकेल्विन दिसले की नवशिक्याला वाटतं, क्युबिटही तेवढाच गार झाला. तो आकडा मिक्सिंग चेंबरचा, म्हणजे फ्रिजच्या सर्वांत गार भागाचा असतो, इलेक्ट्रॉनचा नाही. खोलीतल्या उपकरणांचा गोंगाट तारांतून थेट चिपवर उतरतो आणि एवढ्या थंडीत इलेक्ट्रॉन आपली उष्णता सिलिकॉनच्या जाळीला जेमतेम देतात. तारांवरचे फिल्टर ढिसाळ असले तर इलेक्ट्रॉन खुशाल २०० मिलिकेल्विनवर बसलेले असतात.

पुढचं नेहमीचंच. चुंबकीय क्षेत्र ०.३ टेस्ला, वाचन एल्झरमन पद्धतीचं: जास्त ऊर्जेचा, वरचा स्पिन असेल तर इलेक्ट्रॉन शेजारच्या रिझर्व्हॉयरमध्ये (इलेक्ट्रॉनच्या साठ्यात) निसटतो, खालचा असेल तर डॉटमध्येच राहतो. राबी दोलनं (मायक्रोवेव्हने स्पिन वर-खाली पलटताना दिसणारी) मात्र मेलेली. मग मायक्रोवेव्हची शक्ती वाढवत दिवस जातात, चिप आणखी तापते आणि शेवटी सॅम्पल खराब म्हणून बदललं जातं. त्याआधी दोन ओळींचा हिशेब कुणी करत नाही. दोन स्पिनपातळ्यांमधली फट (झीमन फट) दर टेस्लाला २८ गिगाहर्ट्झ, उष्णतेचा पसारा दर केल्विनला सुमारे २१. म्हणजे इथे, २०० मिलिकेल्विनवर, ८.४ विरुद्ध ४.२. फर्मी पातळी (रिझर्व्हॉयर जिथवर भरलेला असतो ती ऊर्जा) दोन्ही स्पिनपातळ्यांच्या बरोबर मध्ये ठेवली, तरी खालच्या स्पिनच्या ऊर्जेलाही रिझर्व्हॉयरमध्ये सुमारे २७ टक्के जागा रिकाम्या. दोन्ही स्पिन पळतात, मग वाचणार काय? १.५ टेस्लावर हेच प्रमाण एक टक्क्याच्या आत येतं.

म्हणून आधी इलेक्ट्रॉनचं तापमान मोजा. फ्रिज ५०० मिलिकेल्विनपर्यंत पायरीपायरीने तापवा आणि प्रत्येक पायरीवर डॉट-रिझर्व्हॉयर संक्रमणाची रुंदी घ्या. वरच्या सरळ चढावरून लिव्हर आर्म (गेटच्या व्होल्टेजमागे डॉटची ऊर्जा किती हलते ते) मिळतो; खाली आलेख जिथे सपाट होतो, ते खरं तापमान. टनेलिंगचा, म्हणजे डॉट-रिझर्व्हॉयरमधल्या ये-जा करण्याचा, दर कमी ठेवा, नाहीतर रुंदी त्याचीच मोजाल. एक दिवस जातो, जाऊ द्या.

क्षेत्र वाढवता येत नसेल तर पाउली ब्लॉकेडने वाचा: सारख्या स्पिनचे दोन इलेक्ट्रॉन एका डॉटमध्ये येऊ शकत नाहीत, यावरून. तिथे झीमन फटीची अट नाही. २०२० मध्ये सिलिकॉन क्युबिट १ केल्विनच्या वर चालले ते याच वाटेने.

दुसरी खोड रॅमसेची: दोन पल्समध्ये स्पिनला मोकळं सोडून तो लय किती वेळ टिकवतो (टी-टू-स्टार) ते मोजण्याची. अगदी अनुनादावर मोजलं तर पट्टे दिसतच नाहीत आणि कुठलाही उतार टी-टू-स्टार म्हणून खपतो. मुद्दाम थोडं बाजूला सरका, क्षयाआधी चार-पाच पट्टे दिसतील इतकं. गोंगाट संथ असेल तर क्षय गॉसियन असतो, साधा घातांकी बसवू नका. आणि सरासरी किती मिनिटांची, ते आकड्याशेजारी लिहा: तासभर मोजलंत तर संथ गोंगाटही आत शिरतो आणि टी-टू-स्टार आखूड होतो. एकोचा (मध्ये पल्स देऊन संथ गोंगाट पुसून घेतलेला) आकडा टी-टू-स्टार म्हणून सांगणं ही चूक नव्हे, लबाडी आहे. गॅलियम आर्सेनाइडमध्ये २००५ साली पहिला सुमारे १.२ मायक्रोसेकंद होता, दुसरा फक्त १० नॅनोसेकंदांच्या आसपास.

अणुकेंद्रांचा चुंबकीय गोंगाट नको म्हणून शुद्ध सिलिकॉन-२८ घेतलं, पण शेजारी मायक्रोमॅग्नेट, जागेनुसार बदलणारं क्षेत्र देणारा छोटा चुंबक? मग विद्युत गोंगाट इलेक्ट्रॉनला हलवून क्युबिटची वारंवारता हलवतोच.

पाय-पल्स (स्पिन पूर्ण उलटा करणारा) एकाच पल्सवर जुळवू नका; सम संख्येने, वीसेक, ओळीने द्या, चूक साचून दिसते.

आणि वारंवारता व कोनीय वारंवारता यांतला २ पाय कुठे हरवला, ते आलेख काढण्याआधी बघा.